फेब्रुवारीतली सकाळची शाळा

मी भूगोल शिकवते. कुरखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की काही मैलांवर एक गाव लागतं, त्या गावच्या हायस्कुलात. तीन बाजूंना जंगल आणि चौथ्या बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. माझं घर ब्रह्मपुरीचं. अब्बांचं बसस्टँडजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. ही नोकरी लागली तेव्हा मोहल्ल्यातल्या बायकांनी अम्मीला विचारलं होतं, जंगलात मुलगी कशी राहील? अम्मी म्हणाली, “वो तो रह लेगी. जंगल का पूछो.”

शाळेच्या मागे तारेचं कुंपण घातलेला एक चौकोन आहे. त्यात चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी. तिच्या चारही बाजूंना खिडकीच्या झडपांसारख्या तिरप्या पट्ट्या, म्हणजे आत वारा जातो, ऊन जात नाही. पेटीत तापमापक आणि शेजारी पाऊस मोजायचं नळकांडं. सकाळी साडेआठला रात्रीचं सर्वांत कमी तापमान वाचायचं, संध्याकाळी साडेपाचला दिवसाचं सर्वांत जास्त. वहीत लिहायचं, फोनवरून जिल्ह्याच्या ठिकाणी कळवायचं, महिना संपला की तक्ता भरून पाठवायचा. हे काम शाळेकडे कधी आणि कसं आलं ते कोणालाच आठवत नव्हतं. भूगोलाचा मास्तर ते करतो, एवढंच मला सांगितलं गेलं.

रुजू झाल्यावर मी जुनी वही चाळली. सगळं स्वच्छ, टापटीप. पण रविवारचा आकडा नेहमी शनिवार आणि सोमवार यांच्या बरोबर मधला. दिवाळीच्या सुट्टीतले अठरा दिवस पायऱ्या उतरावेत तसे एकेका अंशाने खाली आलेले. माझ्या आधीचे मास्तर सुट्टीला घरी जायचे आणि परत आल्यावर बसून हवामान लिहून काढायचे. मी घड्याळवाल्याची मुलगी. लहानपणी दुकानात बसायचे तेव्हा अब्बा सांगायचे, “काटा देख बेटी, गाहक का चेहरा मत देख.” ती वही मिटताना मला राग आला होता. चुकीचा आकडा मी समजू शकते. डोळा चुकतो, हात थरथरतो. पण न पाहता लिहिलेला आकडा मला चोरीसारखा वाटला.

मी रविवारी घरी जाणं बंद केलं. अम्मी फोनवर चिडायची. “हवा क्या भाग के जाने वाली है?”

“हवाच तर पळते, अम्मी,” मी म्हणायचे. ती फोन ठेवून द्यायची.

अशी दोन वर्षं गेली. मग तो फेब्रुवारी आला.

पहिल्या आठवड्यात थंडी होती. सकाळी पोरं वर्गात जायला तयार नसायची, भिंतीला पाठ लावून उन्हात उभी राहायची. मीही शाल घेऊनच पेटी उघडायचे. आठवडाभरात ती शाल खुंटीवर गेली ती गेलीच. दहा-बारा दिवसांत पारा असा चढला, की आदल्या दिवशीचा आकडा लिहिताना वाटावं, आता पुरे, उद्या उतरेल. उतरला नाही. धानानंतर डाळीसाठी पेरलेल्या लाखोळीचे हिरवे वेल बांध्यांतच करपले. नाल्याचं पाणी डबक्याडबक्यांत तुटलं. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. आमच्याकडे कडक उन्हाला तपन म्हणतात. हा शब्द एरवी होळीनंतर तोंडात यायचा. त्या वर्षी शिवरात्रीच्या आधीच आला.

आमच्या शाळेत आठवी, नववी आणि दहावीचे वर्ग टिनाच्या छपराखाली भरतात. जुन्या इमारतीला कौलं आहेत, पण ती लहान पडते. टिनाखालचे पंखे गरम हवाच इकडून तिकडे लोटायचे, आणि दुपारी वीज गेली की तेही थांबायचे.

एक दिवस दुपारी दोनच्या तासाला मी नववीला भारताचं हवामान शिकवत होते. पुस्तकात ऋतूंची वाटणी दिलेली. मी फळ्यावर लिहिलं, हिवाळा, आणि त्यापुढे फेब्रुवारीअखेरपर्यंत. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, मंग हे काय होय?”

सगळा वर्ग हसला. मीही हसले. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि काही न बोलता परत बसली. तिच्या वहीवर रक्त पडत होतं. घोळणा फुटला होता. मी तिला उचलून कौलांच्या इमारतीच्या पडवीत आणलं, डोक्यावर पाणी थापलं. तिचं कपाळ तापलेल्या तव्यासारखं लागत होतं. खिचडी शिजवणारी बाई धावत आली. तिने कांदा फोडून मुलीच्या नाकाशी धरला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “तिसरं पोट्टं होय हे, या हप्त्यातलं. तुमाले कोनी सांगतलं नाई काय?”

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी रोज दोनदा पेटी उघडून पारा वाचत होते, दशांशासकट लिहीत होते, आणि शंभर पावलांवर पोरांची नाकं फुटत होती ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतला एक तापमापक आणून नववीच्या वर्गात, भिंतीपासून दूर, पोरांच्या डोक्याइतक्या उंचीवर टांगला. दोन वाजता बाहेरच्या पेटीत सदतीसच्या वर होतं. वर्गात एक्केचाळीस.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. आमचे सर सावध माणूस. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते आणि ते महिने त्यांना कोऱ्या कपड्यासारखे डाग न लागता पार करायचे होते.

“सर, सकाळची शाळा सुरू करू या.”

“मार्चमध्ये आदेश येतो न.”

“मार्चला वेळ आहे. पोरांचे घोळणे आत्ता फुटताहेत.”

“आदेशाशिवाय वेळ बदलता येत नाही, मॅडम. आपण हिवाळ्यात आहोत. कागदावर.”

“आणि टिनाखाली?”

त्यांनी समोरची फाइल उघडली.

त्याच संध्याकाळी मला जिल्ह्याच्या कार्यालयातून फोन आला. आकडे गोळा करणारा माणूस बोलत होता. आवाजावरून तरुण वाटला आणि दमलेलाही.

“मॅडम, तुमचा कालचा आकडा सदतीस पॉइंट चार आला आहे.”

“हो.”

“फेब्रुवारीत?”

“काल फेब्रुवारीच होता.”

“आजूबाजूला सगळीकडे तेहतीस-चौतीस आहे. तुमचा तापमापक उन्हात असेल.”

“पेटीत आहे.”

“मग वाचताना चूक झाली असेल. चौतीस करून टाका ना. एका केंद्रामुळे सगळा तक्ता वेडावाकडा दिसतो.”

मी म्हटलं, “तापमापक खराब असेल तर तपासते. पण वाचलेला आकडा बदलणार नाही.”

फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. पण खरं सांगायचं तर मनात शंकाही आली होती. रोज वापरून यंत्र बिघडतं, हे मी दुकानात बसून शिकलेच होते. आपलं यंत्र बिघडलेलं असेल आणि आपण ताठ मानेनं खोटं सांगत असू तर? शनिवारी सकाळचं वाचन झाल्यावर मी बसने कुरखेड्याला गेले, सरबतवाल्याकडून बर्फाची एक लादी फोडून घेतली आणि थर्मासमध्ये भरून आणली. नववीचा सगळा वर्ग कुंपणाभोवती जमला. बर्फाचा चुरा करून, त्यात थोडं पाणी घालून मी पेटीतला साधा तापमापक बुडवला. पारा खाली खाली गेला आणि शून्याच्या रेघेवर थांबला. नंतर एका बादलीत कोमट पाणी घेऊन त्यात साधा तापमापक आणि दिवसाचं सर्वांत जास्त तापमान धरून ठेवणारा, असे दोन्ही शेजारी ठेवले. दोघांत केसाएवढाही फरक नव्हता. प्रत्येक पोराला मी वाकून बघायला लावलं. उरलेला बर्फ त्यांनी चोखून संपवला.

सोमवारी मी त्या कार्यालयातल्या माणसाला फोन केला. “तापमापक बरोबर आहे. आकडा तोच राहील.”

तो म्हणाला, “मी फक्त वर पाठवतो, मॅडम.”

“मग आहे तसाच पाठवा.”

यंत्र खरं बोलत होतं, म्हणजे माझ्याकडे आता बोलायला आधार होता. मी पालकांची सभा बोलावली. सकाळी सात ते साडेअकरा शाळा, असा माझा बेत होता. मला वाटलं, सगळे हो म्हणतील. वर्गातला तापमापकच मी टेबलावर ठेवला होता, पुराव्यासाठी.

सभेत बायकाच जास्त होत्या. त्यातल्या बऱ्याच नाल्यापलीकडच्या जंगलाकडच्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून आलेल्या. मी बोलून संपवलं. मग खिचडी शिजवणारी बाई उठली. तीही त्या टोल्यावरचीच. घरी गोंडीत बोलायची, आमच्याशी झाडीबोलीत.

“मॅडम, सातले शाळा लावली तं आमचे पोट्टे येनार नाई.”

“का बरं?”

“मोह कोन वेचन?”

त्या वर्षी मोहाची फुलं लवकर पडायला लागली होती. एरवी होळीच्या मागेपुढे पडतात. पहाटेपासून झाडाखाली सडा पडतो, आणि ऊन चढायच्या आत तो वेचून घ्यावा लागतो. टोल्यावरच्या घरांना वर्षभर पुरणारी ही वस्तू. घरातलं चालतंबोलतं प्रत्येक माणूस टोपली घेऊन निघतं.

मी मास्तरणीच्या तोऱ्यात विचारलं, “पोरांनी शिकायचं की मोह वेचायचा?”

“दोनी,” ती म्हणाली. “मोह काय तुमच्या घंटीची वाट पाह्यते? उशीर झाला का ढोरं खातेत, हरनं खातेत, राह्यलं ते तपनीनं सुकते. तुमीच सांगून राह्यल्या न, तपन वाढली म्हनून? आमी काय खोटं म्हनलो? तपन पयले आली, तं मोह बी पयले आला. तुमच्या पेटीत तपन दिसते, मोह नाई दिसत.”

बायका हसल्या. मला ते लागलं. सभा तशीच मोडली. जाताना ती दाराशी थांबली.

“उद्या पहाटे याल काय? मी दाखवतो तुमाले.”

मी गेले. राग होता, तरी गेले. पाच वाजता ती मला घ्यायला आली. टोल्याच्या पुढे गेल्यावर वास यायला लागला. गोड, जड, गळ्यात बसणारा. उजाडलं तेव्हा दिसलं, प्रत्येक झाडाखाली कोणी ना कोणी वाकलेलं आहे. झाडाला पान नाही, आणि खाली पिवळट-पांढरी, रसानं फुगलेली फुलं. माझे पाचवीपासून दहावीपर्यंतचे विद्यार्थी तिथं होते. मला पाहून काही लपले, काहींनी वाकून नमस्कार केला. घोळणा फुटलेली ती मुलगीही होती. दोन्ही हातांनी इतकी भरभर वेचत होती, की मी बघत राहिले. वर्गात ती कधी एवढ्या वेगात एक ओळ लिहीत नसे. पहाटेच्या गारव्यात तिचा चेहरा टवटवीत होता.

मी पण वेचायला बसले. तासाभरात कंबर गेली. साडेसात झाले तसं ऊन तिरपं आत आलं, आणि मला उठावंच लागलं. साडेआठला पेटी उघडायची होती.

“किती वाजता संपतं हे सगळं?” मी बाईला विचारलं.

“आठ, साडेआठ. मंग तपन.”

“नऊला पोरं शाळेत येऊ शकतील?”

तिने टोपली डोक्यावर घेतली. “नवाले येतीन. पन जेवन पाह्यजे. उपाशी कोनी घरी जानार नाई.”

“खिचडी तर तुम्हीच करता.”

“तं मंग मी पयले चूल लावतो,” ती म्हणाली. “मोह मायी सून वेचन.”

वाटेनं येताना आम्ही हिशेब बसवला. नऊला शाळा, मध्ये एक सुट्टी, साडेबाराला खिचडी खाऊन पोरं घरी. कमी पडणारे तास रविवारी सकाळी, कौलांच्या इमारतीत. रविवारी मी तशीही गावातच असायचे.

सर माझं बोलणं ऐकत टेबलावरच्या शाईच्या डागाकडे पाहत बसले होते.

“मी लेखी काही देणार नाही,” ते म्हणाले.

“मागत नाही, सर.”

“विचारलं तर मी सांगेन, मॅडमनी केलं.”

“सांगा.”

मी उठले तेव्हा ते म्हणाले, “घंटा मात्र मीच देईन. शिपायाच्या अंगावर यायला नको.”

दुसऱ्या दिवशी नऊला अकरा महिने शिल्लक असलेल्या त्या माणसानं पडवीतली लोखंडी पट्टी स्वतःच्या हाताने ठोकली. दोन ठोके जास्तच दिले. पोरं आली. काहींच्या बोटांना मोहाचा वास होता, वह्यांना चिकटत होता. पण आली. त्या आठवड्यात नववीचा पट जवळजवळ पूर्ण भरला, आणि घोळणा कोणाचा फुटला नाही.

कोणीतरी वर कळवलंच. आठवड्यानं, दुपारी दोनच्या सुमारास, एक जीप शाळेसमोर उभी राहिली. तपासणीला आलेले साहेब उतरले. पटांगण रिकामं. मी पडवीत वह्या तपासत होते. आतल्या खोलीत बाई भांडी घासत होती.

“शाळा कुठे आहे?” साहेबांनी विचारलं.

“सुटली. नऊला भरते, साडेबाराला सुटते.”

“कोणाच्या आदेशाने?”

मी म्हटलं, “उन्हाच्या.”

हे उत्तर देताना मला आतून मजा वाटली हे मी कबूल करते. साहेबांना वाटली नाही. आदेश, नियम, वेळापत्रक, जबाबदारी, एकामागून एक शब्द यायला लागले. फेब्रुवारी हा हिवाळ्याचा महिना आहे, असंही ते म्हणाले. मग मी माझ्या रोजच्या वाचनाची वही पुढे केली. त्यांनी ती न उघडताच परत दिली. “हे मला कळत नाही,” ते म्हणाले. “वहीत काहीही लिहिता येतं.”

माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं. मी उठून नववीच्या वर्गाचं दार उघडलं.

“मग वही राहू द्या, साहेब. एक तास बसा. पस्तीस मिनिटांचा असतो. मी शिकवते.”

त्यांनी बाहेर जीपकडे पाहिलं. मला वाटलं, आता जीपमध्ये बसून जातील. तेवढ्यात पाठीमागून खरखर आवाज आला. आमचे सर त्यांच्या खोलीतली लाकडी खुर्ची स्वतः ओढत आणत होते. त्यांनी ती वर्गाच्या मधोमध, टिनाच्या बरोबर खाली ठेवली आणि रुमालानं पुसली.

“बसा, साहेब,” ते म्हणाले. मग खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

साहेब बसले. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं. मी फळ्याजवळ उभी राहिले आणि भारताचं हवामान शिकवायला लागले, जणू समोर चाळीस पोरं आहेत. वीज गेलेली होती. टिन मधूनच कडकड वाजत होतं. पाच मिनिटांत साहेबांनी गळ्याजवळचं बटण सोडलं. दहाव्या मिनिटाला त्यांचा सदरा पाठीला चिकटला. माझाही घाम डोळ्यांत उतरत होता, पण मी खडू खाली ठेवला नाही. बाई दारात येऊन उभी राहिली. बाराव्या-तेराव्या मिनिटाला साहेब उठले.

“पुरे,” ते म्हणाले.

“अजून बावीस मिनिटं आहेत.”

“मॅडम, पुरे.”

बाईनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला. तो त्यांनी उभ्यानंच संपवला. जीपकडे जाताना ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मला जे दिसलं ते मी अहवालात लिहू शकत नाही. शाळा बंद होती, एवढंच लिहू शकतो.”

“मग मी लिहीन,” मी म्हटलं.

नोटीस आठ दिवसांनी आली. वरिष्ठांच्या परवानगीविना शाळेची वेळ का बदलली, याची कारणे दाखवा. मी उत्तर एका पानात दिलं. वर्गातलं तापमान, बाहेरचं तापमान, तीन विद्यार्थ्यांचे घोळणे, पटावरची हजेरी आधीची आणि नंतरची. शेवटी लिहिलं, पुन्हा असं ऊन पडलं तर पुन्हा असंच करीन. सरांनी ते वाचलं. शेवटची ओळ खोडायला सांगतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि कागदावर आवक-जावकचा शिक्का मारला. माझ्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली. नोकरी राहिली. अम्मीला कळलं तेव्हा ती आधी रडली, मग म्हणाली, “लिखने दो.”

मार्चच्या पहिल्या आठवड्यात देशाच्या मागच्या महिन्याच्या हवामानाचा अहवाल फोनवर पाहायला मिळाला. मी नेहमी वाचते. नकाशावर उन्हाच्या कमीजास्त प्रमाणाचे रंग होते. आमचा भाग फिक्या रंगात होता. आमच्या पेटीचा आकडा मोजला गेला की वगळला गेला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. तक्ता मी जसा वाचला तसाच पाठवला होता. त्या अहवालावर माझा राग नाही. एवढ्या मोठ्या देशाची सरासरी काढायची तर कुठे ना कुठे रंग फिका होणारच. पण सरासरीत कोणी राहत नाही. पोरं टिनाखाली बसतात. तो नकाशा मी छापून आणला, वर्गात लावला आणि शेजारी आमच्या गावाचा फेब्रुवारी पोरांच्या हस्ताक्षरात लावला, एकोणतीस ओळींचा. वरची एक ओळ शीर्षकाची, खाली अठ्ठावीस दिवस.

पुढच्या वर्षी जानेवारीतच बाई माझ्याकडे आली.

“यंदा नोटीस तुमाले एकटीले नाई यायची,” ती म्हणाली. “आमी ग्रामसभेत ठराव घेतो.”

सभा वडाच्या पारावर झाली. टोल्यावरच्या बायका पुढे बसल्या, पुरुष मागे. बाई उठली. मागच्या वर्षी माझ्याविरुद्ध बोलली होती त्याच आवाजात बोलली. पहिला मोह पडला की त्या दिवसापासून शाळा नऊला भरेल आणि साडेबाराला सुटेल, हे गाव ठरवते. ग्रामसेवक लिहिता लिहिता थांबला. ठरावात तारीख पाहिजे, म्हणाला, मोह पडला की असं कसं लिहिता येईल?

“तारीख मोहाले मालूम,” ती म्हणाली. “आमाले काहून इचारतेस?”

“पण वरचे साहेब—”

“तू लिव.”

त्याने पेन खाली ठेवलं. बायका उठल्या नाहीत. कोणी ओरडलं नाही, घोषणा दिल्या नाहीत. त्या फक्त बसून राहिल्या. पारावरची सावली सरकली तशा त्याही थोड्या सरकून बसल्या. एकीने तंबाखू मळली. दुसरीने मांडीवरच्या लेकराला दूध पाजलं. ग्रामसेवकानं दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी त्यानं पेन उचललं आणि बाईनं सांगितलं तसंच, शब्दाला शब्द, लिहिलं. मग सह्या झाल्या आणि अंगठे उठले. पॅडची शाई संपली तेव्हा कोणीतरी चुलीतला कोळसा उगाळून आणला. आमचे सर तोवर निवृत्त व्हायच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी गावकरी म्हणून सही केली, खाली पदनाम न लिहिता.

ठराव वर गेला. उत्तर आलं नाही. होकार नाही, नकार नाही. त्या फेब्रुवारीत ऊन मागच्या वर्षीइतकं कडक नव्हतं, ते मी वहीत तसंच लिहिलं आहे. मोहही जरा उशिरा आला. एका सकाळी मी साडेआठचं वाचन करून कुंपणाचं फाटक लावत होते, तेव्हा बाई नाल्याकडून येताना दिसली. तिने पदराची गाठ सोडली आणि सात-आठ फुलं माझ्या तळहातावर ठेवली. मी ती नव्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांना रुजू होऊन जेमतेम महिना झाला होता.

“हे काय?” त्यांनी विचारलं.

“आजपासून नऊची शाळा,” मी म्हटलं, आणि ठरावाची प्रत त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी ती दोनदा वाचली. मोह पडल्याचं कळून बाहेर पोरं जमायला लागली होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं, आणि शिपायाला हाक मारून घंटा द्यायला सांगितली.